सुकलाल मास्तरची छडी

सुकलाल मास्तरची छडी हातभर लांबीची होती आणि तिचा तोरा गावभर. वेताची छडी, टोकाला पितळेची टोपी, मुठीला लाल गोंडा. ती वर गेली की रनाळ्याचा इंग्रजी बाजा सुरू व्हायचा आणि खाली आली की बंद. मधे कोणाच्या बापाची टाप नव्हती. लग्नसराईत नंदुरबारपासून शहाद्यापर्यंत लोक आधी मास्तर मोकळा कधी आहे ते विचारत आणि मग मुहूर्ताचं बघत. भटजींना हे आवडत नसे, पण करतात काय? भटजी दुसरा मिळतो, मास्तर दुसरा मिळत नसे.

तो काही जन्माचा मास्तर नव्हता. बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा. सुकलाल तरणाताठा असताना घरात भांडला, गाडीत बसला आणि गुजरातेत एका लहानशा संस्थानाच्या बाजात पाणी भरायला राहिला. पाणी भरता भरता ऐकत गेला, ऐकता ऐकता शिकत गेला. परत आला तेव्हा अंगात पितळी गुंड्यांचा कोट, डोक्यावर जरीची टोपी आणि हातात ही छडी. गावातले सनईवाले, डफवाले गोळा केले, कुठून कुठून जुनी वाद्यं आणली आणि असा बाजा उभा केला की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. हे त्याचं श्रेय आहे, ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. बाकीचं सगळं त्याने स्वतःच घालवलं.

त्याचा एक नियम होता. छडी खाली आल्याशिवाय वाजवणारा थांबणार नाही, मग आभाळ कोसळो. एकदा लोणखेड्याला मिरवणुकीत बैल उधळला. वऱ्हाडी पळाले, नवरदेव घोड्यावरून उतरून ओट्यावर चढला, कर्णेवाल्याचं धोतर बैलाच्या शिंगात गेलं. तो बिचारा लंगोटीवर वाजवत उभा! का? तर छडी वर होती. लोक हसून हसून लोळले आणि घरी जाऊन म्हणाले, बाजा असावा तर असा. मास्तरने ही गोष्ट पुढे शंभर वेळा सांगितली असेल. कर्णेवाल्याने एकदाही सांगितली नाही.

छडी खाली यायची एक हक्काची जागा मात्र होती. ज्या घरी सुतक असेल त्याच्या दारावरून वाजत जायचं नाही. चार घरं अलीकडे छडी उतरायची, सगळे मुकाट्याने चालायचे, चार घरं पलीकडे गेल्यावर छडी पुन्हा वर. खानदेशात हे कोणाला शिकवावं लागत नाही. पोरंटोरंसुद्धा पिपाणी तोंडातून काढतात.

आणि बाजाचा म्हणून एक लोटा होता. पितळेचा, पोचे पडलेला. वाजवून घसा सुकला की सगळे त्याच एका लोट्याला तोंड लावून प्यायचे. घरी बायको उष्टं चालू देत नसेल, पण बाजात उष्टं नव्हतं. वाद्यं एकमेकांच्या तोंडातली, तिथे उष्ट्याचं काय घेऊन बसलात? नवा माणूस आला की मास्तर आधी स्वतः घोट घ्यायचा आणि मग लोटा त्याच्या हातात द्यायचा. तो प्याला की बाजातला झाला. दुसरी काही दीक्षा नव्हती.

चिंधा असाच त्या लोट्याचं पाणी पिऊन बाजातला झाला. गावातल्या तुळशीबाईचा हा एकुलता एक. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं फाटकंतुटकं नाव ठेवलेलं. बाप लवकर गेला. आईने मोलमजुरी करून वाढवला आणि मिसरूड फुटताच मास्तरच्या ओट्यावर आणून बसवला. मास्तरने त्याला क्लॅरिओनेट दिलं. श्वास लांबावा म्हणून बोरूची नळी पाण्यात धरून फुंकायला लावायचा. बुडबुडे तुटले की छडी पाठीवर. चिंधाने मार खाल्ला, पण कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि मग एक दिवस असं वाजवायला लागला की विहिरीवरच्या बायका रिकामी घागर कमरेवर घेऊन तशाच उभ्या राहायच्या. मास्तर मिशीत हसून म्हणायचा, हा मी घडवला. खरंच होतं ते.

पण घडवणाऱ्याला घडलेलं भांडं आपल्या हाताबाहेर गेलेलं खपत नाही. शहाद्याला रूपचंद शेठच्या घरचं लग्न होतं. लग्न लागल्यावर यजमानाने बाजाच्या पुढाऱ्याला फेटा बांधायचा, ही रीत. रूपचंद शेठ फेटा घेऊन आले, मास्तरने मान जराशी पुढे केली, आणि शेठ त्याला ओलांडून गेले ते सरळ चिंधाकडे. भर मांडवात चिंधाच्या डोक्यावर फेटा बांधला आणि म्हणाले, आमच्या धाकट्याच्या लग्नाला याला पाठवा, मास्तर नसले तरी चालेल. गंमतीत म्हणाले असतील. मोठ्या लोकांची गंमत, गरिबाचा जीव जातो. चिंधा शहाणा, त्याने लगेच फेटा उतरवून मास्तरच्या पायावर ठेवला. तिथेच चुकलं. आपल्याच डोक्यावर राहू दिला असता तर मास्तरने चार शिव्या देऊन विषय सोडला असता. पायावर ठेवलेला फेटा त्याला भीक वाटला. त्या फेट्याला त्याने हात लावला नाही.

आता कोणी म्हणेल, शिव्या दिल्या असतील, बाजातून काढलं असेल. छे! मास्तर तसा उघड उघड वार करणारा माणूस नव्हता. पुढच्या लग्नात म्हसावदला वाजवणारी चार मंडळी बसली होती. चिंधाचं नाव निघालं. मास्तरने मोठा सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाला, "पोऱ्याना हातमा देव शे. पन छाती... जाऊ द्या, आपले काय करनं शे."

एवढंच. छाती म्हणाला आणि थांबला. पुढचं लोकांनी भरलं. त्या काळी छातीचा रोग म्हणजे घरातून ताटवाटी वेगळी. आणि ज्यांचा धंदाच तोंडाने फुंकायचा, एका लोट्याने प्यायचा, त्यांच्यात तर हा शब्द विस्तवासारखा. आठवड्याच्या बाजारात तो शब्द फिरला, लग्नाच्या मांडवांतून फिरला. चिंधाला साधा खोकलासुद्धा नव्हता हो! पण लोटा त्याच्यापाशी यायच्या आधी रिकामा व्हायला लागला. मग कोणी त्याच्या शेजारी बसेना. मग मास्तरनेच जड अंतःकरणाने, डोळ्यांत पाणी आणून त्याला सांगितलं की बाबा, माणसं घाबरतात, मी काय करू? दुसऱ्या गावच्या बाजांनीही त्याला उभं केलं नाही. सुकलाल मास्तरने स्वतः ज्याला काढला, त्याला कोण घेणार?

चिंधाला हे कोणी केलं ते कळायला वेळ लागला नाही. तरी तो भांडायला आला नाही. एका सकाळी सगळे ओट्यावर वाद्यं पुसत बसले असताना तो आला. घरून आपला लोटा भरून आणला होता. मास्तरच्या पुढे ठेवला आणि उभा राहिला.

"मास्तर, सगळासना समोर मन्हा लोटामाईन एक घोट पानी प्या. आखो मले काही नको."

सगळ्यांचे हात थांबले. मास्तरचा मुलगा नवल मोठा ढोल पुसत होता. चिंधा आणि तो बरोबरीचे, एका पाण्यात पोहायला शिकलेले. त्याने बापाकडे पाहिलं. एक घोट! एवढ्याने सगळं मिटलं असतं. मास्तर प्याला म्हटल्यावर म्हसावदपासून नवापूरपर्यंत कोणाची शंका राहिली नसती. मास्तरलाही ते ठाऊक होतं. छाती निरोगी आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्याला दिसला तो फेटा. आज प्यालो तर उद्या हा पुढे आणि आपण मागे, हा हिशेब त्याच्या डोक्यात लख्ख झाला. त्याने लोटा छडीच्या टोकाने बाजूला सरकवला.

"मले बी घरदार शे," तो म्हणाला.

चिंधाने लोटा उचलला. पाणी तिथेच मास्तरच्या कडुनिंबाला घातलं आणि गेला. त्या दिवशी नवल जेवला नाही, एवढं मास्तरची बायको कौसाबाई हिने पाहिलं. नवऱ्याला तिने काही विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं.

पुढे पोट होतं, आई होती. चिंधा नवापूरकडच्या डोंगरात कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेला. कोळशाची भट्टी म्हणजे रात्रंदिवस धूर. तो धूर गिळून गिळून त्याची छाती खरोखरच गेली. मास्तर खोटं बोलला होता, ते असं खरं झालं. चैत्रात त्याला बैलगाडीत घालून घरी आणला. क्लॅरिओनेट उशाशी होतं, फुंकायला दम नव्हता. वैशाख लागला आणि तो गेला.

मयताला सगळा बाजा गेला. मास्तरला त्या दिवशी नेमकं नंदुरबारला काम निघालं.

आणि सुतक फिटायच्या आतच गावात दलपत पाटलांच्या घरचं लग्न आलं. लग्नं काही कोणासाठी थांबत नाहीत. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत रस्ता एकच, तुळशीबाईच्या दारावरून. दलपत पाटील सज्जन माणूस. त्यांनी सकाळीच निरोप धाडला की म्हातारीच्या दारावर जरा सांभाळून. मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा बाजा कुठे थांबवायचा हे मला पाटलांनी शिकवायचं?

मास्तर कोटाच्या गुंड्या लावत असताना कौसाबाई समोर आली. लग्नाला जन्म लोटला होता, पण तिने त्याच्या बाजाच्या गोष्टीत कधी तोंड घातलं नव्हतं. आज घातलं.

"तिना दारपुढे छडी खाले करा," ती म्हणाली. "आज तरी."

"मन्हा बाजा मन्ही छडीवर चालस," मास्तर म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

खरं सांगायचं तर घरून निघताना त्याचं काही ठरलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं दार असतं तर चार घरं आधीच छडी उतरली असती. पण वाटेने चालताना त्याला दिसायला लागलं की आज लोक नवरदेवाकडे बघत नाहीत. ओट्यांवरून, माड्यांवरून, दारांच्या फटींतून सगळे डोळे छडीवर. सगळा गाव वाट बघतोय, मास्तर वाकतो की नाही! आज छडी खाली आली तर ती सुतकासाठी आली असं कोण म्हणेल? म्हणतील, चिंधापुढे आली. म्हणतील, केलेलं कबूल केलं. जिवंतपणी ज्याला पाण्याचा घोट दिला नाही, त्याला मेल्यावर मान द्यायचा? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळलाही नव्हता.

तुळशीबाईचं घर चार घरांवर आलं. मास्तरने छडी आणखी वर केली.

आधी कर्णा थांबला. तोच, धोतरवाला. बैल अंगावर आला तरी न थांबलेला माणूस, त्याने कर्णा तोंडातून काढला आणि काखेत धरला. मग दोन्ही क्लॅरिओनेट. मग झांजा. मास्तरने मान वळवली नाही, कारण मान वळवणं म्हणजे हरणं. छडी हवेत ताल मारत होती आणि मागे एकटा ढोल उरला होता. नवलचा ढोल. बाप होता ना पुढे! ढोलाचे चार ठोके पडले, मग एक पडला, अर्धवट, आणि मग तोही नाही.

सगळ्या रस्त्यात माणसांच्या पावलांचा आवाज. आणि मास्तरची छडी वर खाली, वर खाली. वाजत काही नव्हतं तरी तो ताल देत होता. आता थांबवायची कशी? बाजा चालू असेल तर छडी खाली करता येते. बंद पडलेल्या बाजापुढे छडी खाली करायची म्हणजे काय करायचं, हे त्याला कुठल्याच संस्थानात शिकवलेलं नव्हतं. तो तुळशीबाईच्या दारासमोर आला आणि तिथेच उभा राहिला, हात वर.

तुळशीबाई उंबऱ्यात बसली होती. तिने सगळं पाहिलं. ती उठली नाही, रडली नाही, शाप दिला नाही. शाप दिला असता तर बरं झालं असतं, शापाला उत्तर देता येतं.

"वाजाडा ना, मास्तर," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्याले तुमना बाजा भलता आवडे."

मास्तरचा हात हलायचा थांबला, पण खाली आला नाही. बाजावाले त्याच्या दोन्ही बाजूंनी, मधे दगड असावा तसे त्याला टाळून पुढे गेले. नवरदेवाचा घोडा गेला, वऱ्हाड गेलं. नवल ढोल सावरत अगदी जवळून गेला आणि त्याने बापाकडे पाहिलं नाही. चार घरं पलीकडे गेल्यावर ढोलाचा ठोका पडला. कोणी इशारा दिला नव्हता. सगळे एकदम वाजायला लागले, आणि ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं की एक मात्राही इकडची तिकडे झाली नाही. मास्तरने तिथेच उभं राहून ते ऐकलं. आपल्याशिवाय बाजा चालतो, हे त्याला त्या दारात कळलं.

त्यानंतर बोलावणी यायची ती नवलला. मास्तरला कोणी हाकललं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. गावाला माणूस मारायला काठी लागत नाही. तो ओट्यावर यायचा, बसायचा. लोटा फिरायचा. त्याच्या हातात यायचा, तो प्यायचा, आणि त्याच्या पुढचा माणूस लोटा न पिता खाली ठेवायचा. छाती तर मास्तरची ठणठणीत होती! पण आता त्याने तोंड लावलेल्या लोट्याला कोणी तोंड लावेना. नवलसुद्धा नाही. मास्तर नंदुरबारला नवा बाजा उभा करायला गेला, तर वाजवणारे त्याचं नाव ऐकून पाठ फिरवायचे. शब्द कसा फिरतो, ते त्यानेच तर शिकवलं होतं. कौसाबाई होती तोवर घरात दोन वेळची भाकरी होती. ती गेली आणि बापलेकांत बोलायलाही कारण उरलं नाही. एक दिवस कोट, टोपी आणि छडी घेऊन म्हातारा निघून गेला. कुठे गेला, ते कोणी विचारलं नाही.

तो दिसला लढाईच्या दिवसांत. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतला बायस्कोप आला होता. त्याची जाहिरात करत एक बैलगाडी गावोगाव फिरायची. गाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत नट्यांची चित्रं, मधे भोंग्याचं गाणारं यंत्र, आणि पुढे पितळी गुंड्यांचा कोट घातलेला म्हातारा छडी हलवत चालणार. मालकाला अशी जुनी सोंगं हवीच असतात. लोक फिदीफिदी हसायचे. यंत्र आपल्या गतीने गायचं, म्हातारा आपल्या गतीने छडी हलवायचा, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसायचा. ज्याच्या इशाऱ्याशिवाय नंदुरबारात लग्नं लागत नव्हती, तो आता तबकडीच्या पुढे नाचत होता. पोट मोठं वाईट.

म्हसावदला एका गल्लीत गाडी वळली. म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत होती. पुढे एका दारात माणसं उघड्या डोक्याने बसली होती, बांबू आडवे टाकून तिरडी बांधायला घेतली होती. मास्तरने घरं मोजली. चार घरं अलीकडे, बरोबर जागेवर, त्याने छडी खाली केली. अगदी खाली, टोक जमिनीला टेकेल इतकी. मान झुकवली आणि थांबला.

यंत्र गातच राहिलं. नाटकातलं काहीतरी लाडीक गाणं. यंत्राला छडी कुठे कळते? गाडीवाला झोपेत, यंत्रावरचा माणूस चित्रांच्या आडोशाला विडी ओढत बसलेला. मास्तर ओरडला, बंद कर, अरे बंद कर! पण भोंग्यापुढे त्याचा घसा किती चालणार? बैल चालतच होते. तो गाडीबरोबर पळायला लागला, चाकाला धरून वर चढायला गेला, पडला, पुन्हा उठला. गाडी दारासमोर आली. शेवटी त्याने डोक्यावरची जरीची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी भोंग्यात कोंबली. तरी टोपीआडून ते गाणं घुसमटत येतच होतं.

दारातल्या माणसांना दिसलं ते एवढंच की मयताच्या घरापुढे तमाशाची गाडी गात चालली आहे आणि एक म्हातारं सोंग त्यावर माकडासारखं लोंबकळतंय. दोघे-तिघे उठले. त्यांनी त्याला ओढून खाली पाडला, दोन थोबाडीत दिल्या. घरातली एक म्हातारी बाहेर आली. ती त्याला ओळखत नव्हती. त्याला आता ओळखणारं तिथे कोणीच नव्हतं.

"तुले काही लाज शे का रे?" ती म्हणाली.

मास्तर धुळीत बसला होता. डोकं उघडं, ओठ फुटलेला. छडी पलीकडे चाकाखाली जाऊन मोडली होती. तो त्या म्हातारीकडे बघत राहिला, आणि मग कोणाला तरी समजावं म्हणून, एखाद्या लहान पोरासारखा, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला.

"मन्ही छडी खालेच व्हती, माय. मन्ही छडी खालेच व्हती."

कसली छडी, ते तिथे कोणाला कळलं नाही. माणसं परत तिरडी बांधायला बसली.